बदला आणि सब्र

धर्म माणसाला नीती शिकवतो, असे आपण सहज म्हणतो. पण एकाच धर्मग्रंथातून एक जण सूड उचलतो, तर दुसरा क्षमा. मग निवड कोण करतो? जुन्या सरहद्द प्रांताचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

पठाणांच्या पश्तूनवली या रिवाजात ‘बदल’, म्हणजे सूड, हे कर्तव्य मानले जाई. खुनाला खून, आणि वैर पिढ्यान् पिढ्या चाले. असे वैर धरणारे नमाजीही होते. याच समाजात उतमानझई गावच्या खान अब्दुल गफार खान यांनी 1921 मध्ये शाळा काढली आणि 1929 मध्ये ‘खुदाई खिदमतगार’ ही संघटना उभी केली. अल्लाहला कुणाच्या सेवेची गरज नाही, म्हणून त्याने निर्माण केलेल्या माणसांची खिदमत हीच त्याची खिदमत, अशी त्यांची शपथ होती. सूड घ्यायचा नाही, जुलूम करणाऱ्यालाही माफ करायचे, हेही त्या शपथेतच होते. पैगंबरांनी (स.) मक्केत छळ सोसताना जो सब्र धरला, तीच ही अहिंसा, असे बादशहा खान सांगत.

23 एप्रिल 1930 रोजी त्यांना अटक झाली. त्याच दिवशी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात इंग्रजांनी गोळीबार केला. चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी मात्र निःशस्त्र लोकांवर बंदूक चालवण्यास नकार दिला. समोरचे बहुतेक मुसलमान, हे हिंदू सैनिक. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली. विवेक कोण्या एका धर्माची मिरास नाही.

1934 मध्ये सुटका झाल्यावर बादशहा खानांना सरहद्द आणि पंजाबात प्रवेशबंदी होती. ते आपल्या वर्ध्याला जमनालाल बजाज यांच्याकडे राहिले. मुंबईतल्या एका भाषणाबद्दल डिसेंबरात तिथेच त्यांना पुन्हा अटक झाली.

खरी कसोटी पुढे होती. 12 ऑगस्ट 1948 रोजी चारसद्दा भागात बाबडा येथे खुदाई खिदमतगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. या वेळी सरकार पाकिस्तानचे, मुसलमानांचे होते. बादशहा खानांना तिथेही वर्षानुवर्षे तुरुंग भोगावा लागला, तरी त्यांनी सब्र सोडला नाही. म्हणजे तो इंग्रजांपुरता डावपेच नव्हता.

त्यांना बळ धर्मानेच दिले. पण बदला बाजूला सारून सब्र निवडण्याची जबाबदारी त्यांनी स्वतः उचलली. ‘धर्माचीच आज्ञा आहे’ असे म्हणून ही जबाबदारी आपल्यालाही टाळता येणार नाही.