चमत्कार (मराठी संतचरित्रांतील)

ज्ञात सृष्टिनियमांनी जिचा उलगडा होत नाही आणि जिचे कर्तृत्व ईश्वराकडे अथवा ईश्वरी कृपा लाभलेल्या पुरुषाकडे दिले जाते, अशा घटनेस धर्मविचारात चमत्कार म्हणतात. मराठी संतांच्या चरित्रांत अशा घटना विपुल आहेत. ज्ञानेश्वरांनी पैठणास रेड्यामुखी वेद वदविले, वाघावर बसून आलेल्या चांगदेवांस सामोरे जाण्यासाठी भिंत चालविली, तुकारामांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीतून कोरड्या निघाल्या, हे प्रसंग त्यांपैकी सर्वपरिचित होत.

पुराव्याची कसोटी : स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७४८ मध्ये असा सिद्धान्त मांडला की, चमत्काराविषयीची साक्ष खोटी असणे हे त्या चमत्काराहूनही अधिक अशक्य ठरेल, तेव्हाच ती साक्ष ग्राह्य मानावी. ही कसोटी रास्त आहे. तथापि, तिच्या एकाच फटक्याने सर्व कथा निकालात काढून इतिहासाभ्यासकाचे काम संपत नाही. घटना व तिची नोंद यांत किती काळ गेला, साक्षीदार कोण आणि ज्याच्या नावे चमत्कार सांगतात तो स्वतः काय म्हणतो, हा तपशील प्रत्येक कथेपुरता वेगळा पाहावा लागतो.

ज्ञानेश्वर : संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतलेल्या पित्याची मुले म्हणून वाळीत पडलेल्या ज्ञानेश्वर व त्यांच्या भावंडांनी पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्र मागितले, त्या प्रसंगी रेड्याने वेद म्हटले, अशी कथा आहे. ती विस्ताराने सांगणाऱ्या महीपतींचा ‘भक्तविजय’ हा ग्रंथ १७६२ चा आहे, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर (१२९६) साडेचार शतकांहून अधिक काळाने रचलेला. नामदेवांच्या नावावरील अभंगांत ही कथा आढळते, परंतु त्या गाथेतील अस्सल कोणते व प्रक्षिप्त कोणते, हा वाद मिटलेला नाही. खुद्द ‘ज्ञानेश्वरी’त (१२९०) या घटनेचा मागमूस नाही. चांगदेवांना उद्देशून लिहिलेल्या ‘चांगदेव पासष्टी’च्या पासष्ट ओव्यांतही वाघ नाही की भिंत नाही. आहे तो जीव आणि शिव यांच्या ऐक्याचा निखळ बोध. जुन्नर तालुक्यातील आळे येथे रेड्याची समाधी आजही भक्तिभावाने दाखविली जाते. ती श्रद्धेचा दाखला आहे, घटनेचा नव्हे.

तुकाराम : येथे पुराव्याचे पारडे निराळे आहे. शूद्राने धर्मबोध करू नये या आक्षेपामुळे वह्या नदीत बुडवाव्या लागल्या, तुकाराम तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य करून काठावर बसले आणि वह्या सुरक्षित परत मिळाल्या, ही कथा केवळ उत्तरकालीन चरित्रकारांची नाही. पाण्यात कागद राखल्याबद्दल देवाचे ऋण मानणारे अभंग तुकारामांच्या गाथेतच आहेत, आणि त्यांच्या समकालीन शिष्या बहिणाबाई यांनीही या तेरा दिवसांचा उल्लेख केला आहे. देहूच्या देवस्थानाने ‘भिजकी वही’ या नावाची हस्तलिखित प्रत परंपरेने जपली आहे. वह्यांवर संकट आले व अभंग वाचले, एवढे यावरून विश्वासार्ह ठरते. त्या कशा वाचल्या, याविषयी मात्र तुकारामांनी स्वतःचा अनुभव सांगितला आहे, आणि भक्ताचा अनुभव प्रामाणिक असला, तरी त्यावरून सृष्टिनियम मोडल्याचे सिद्ध होत नाही. अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून गाथा तरली, असाही अर्थ आधुनिक काळात लावला जातो.

सिद्धींविषयी परंपरेची भूमिका : ‘पातंजल योगसूत्रां’च्या विभूतिपादात सिद्धींचे सविस्तर वर्णन असूनही समाधीच्या मार्गात त्या विघ्नरूप होत, असे तेथेच बजावले आहे. बौद्धांच्या विनयपिटकात, लोकांना दिपविण्यासाठी ऋद्धी दाखविणाऱ्या पिंडोल भारद्वाजाची बुद्धांनी कानउघाडणी करून भिक्षूंस तसे करण्याची मनाई केल्याची कथा आहे. वारकरी संतांनीही आपल्या उपदेशाचा भार सिद्धींवर टाकला नाही. तो नामस्मरणावर, भूतदयेवर आणि शुद्ध आचरणावर टाकला.

मूल्यमापन : उपलब्ध साधनांच्या आधारे रेडा, भिंत यांसारख्या घटना ऐतिहासिक सत्य म्हणून स्वीकारता येत नाहीत. परंतु त्या कथा रचणाऱ्या समाजाला काय सांगावयाचे होते, ते त्यांतून स्पष्ट कळते. वेदाधिकार जन्मावर ठरविणाऱ्यांना रेड्याच्या मुखाने उत्तर मिळते आणि शूद्राची वाणी बुडविणाऱ्यांना नदीच साथ देत नाही, असा तो निवाडा आहे. अन्यायाविरुद्धचा हा निवाडा ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या शब्दांतच सिद्ध झालेला असल्याने, त्यांची थोरवी चमत्कारांच्या खरेखोटेपणावर अवलंबून नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमानेही कथा आणि फसवणूक यांतील भेद ओळखला आहे. तथाकथित चमत्कारांचे प्रदर्शन करून लोकांना फसविणे व पैसा कमावणे हा त्याने अपराध ठरविला, आणि दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे हे मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. कथेचा आदर आणि फसवणुकीस मज्जाव या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत, आणि संतवाङ्मयाच्या वाचकाने दोन्ही कर्तव्ये सारख्याच निष्ठेने पाळणे अगत्याचे आहे.