बारवेचा राखणदार

सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव पाहायला गेले तेव्हा पायऱ्या मोजायच्या ठरवून गेले होते. अर्ध्यातच मोजणी विसरले. आपल्याकडच्या बहुतेक बारवा चौकोनी, इथल्या पायऱ्या मात्र गोल फिरत पाण्याकडे उतरतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत ही बारव गाळ आणि कचऱ्यात होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली आणि २०२२ मध्ये ती टपाल खात्याच्या चित्रपोस्टकार्डावर झळकली.

सरकारी खातं कुठं होतं, असं कुणीही विचारेल. त्याच २०२२ मध्ये एका संसदीय समितीच्या अहवालात आकडे आले. केंद्राची संरक्षित स्मारकं ३,६९३. त्यांच्या राखणीला माणसं हवीत ७,०००. नेमता आली २,५७८, तीही फक्त २४८ ठिकाणी! ज्या यादीत ताजमहाल आहे, तिची ही गत. मग परभणीतल्या एखाद्या खेड्यातल्या बारवेवर चौकीदार कोण बसवणार?

पण मला खरा प्रश्न वेगळाच पडतो. यादवकाळापासूनच्या बारवा इतकी शतकं पगारी माणसाशिवाय टिकल्या कशा? निजामाच्या राज्यात पुरातत्त्व खातं आलं तेच १९१४ मध्ये. त्याआधी राखण होती ती रोजच्या वहिवाटीची. घागर घेऊन उतरणाऱ्या बाईला हललेला दगड पायालाच कळायचा. पाणी प्यायचं म्हटल्यावर त्यात कचरा टाकणाऱ्याला चार शिव्या बसायच्या. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर आले, मग नळ आले. बारवेत उतरायचं कारण संपलं आणि पाहणारे डोळेही गेले.

या जुन्या राखणीचे गोडवे गाताना मी जरा अडखळते. पाणवठा ‘गावाचा’ म्हणायचे, पण दलितांना तिथं हात लावू देत नसत. महाडचं चवदार तळं तर नगरपालिकेनं १९२४ मध्ये ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं, तरी १९२७ मध्ये तिथं सत्याग्रह करावा लागला. त्यामुळे आज श्रमदानाला कोण कोण उतरतं, हे मी मुद्दाम बघते.

आणि श्रमदान रविवारी होतं. झाड रोज वाढतं. आमच्या गावच्या बारवेत गेल्या पावसाळ्यात दगडांच्या सांध्यात पिंपळ उगवला होता. मी ओढला. रोप हातात आलं, मूळ आतच राहिलं. दिवाळीला गेले तेव्हा तिथं दोन नवी पानं होती.