सेंट लुइस: भागाकारात अडकलेलं शहर

मागच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. ताईला अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालंय, पण बाबांनी गूगल केलं आणि वर दिसलं, 'अमेरिकेतलं सर्वांत धोकादायक शहर'. तो विचारतोय, "दादा, हे खरं आहे का?"

उत्तरासाठी थेट १८७६ मध्ये जावं लागतं. मिसिसिपीकाठचं सेंट लुइस तेव्हा श्रीमंत बंदर होतं. आजूबाजूची काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रकार, शेतीवाडीची. शहरवाल्यांना वाटायचं, कर आम्ही भरायचा आणि तो काउंटीच्या कारभारात उडवायचा, हे कशाला? मतदान झालं, निकालावर वाद झाले, आणि शेवटी शहराने काउंटीपासून फारकत घेतली. हद्द वाढवून घेतली आणि साधारण ६१ चौरस मैलांवर कायमची रेघ मारली. एवढी जागा पिढ्यानपिढ्या पुरेल असा हिशेब होता.

१९५० मध्ये शहरात ८,५६,७९६ माणसं होती. मग गाड्या आल्या, हायवे आले, आणि लोक, आधी मुख्यतः गोरे, रेघेपलीकडच्या उपनगरांत गेले. २०२० च्या जनगणनेत उरले ३,०१,५७८. काउंटीत दहा लाखांहून जास्त! नॅशव्हिल १९६३ मध्ये आणि इंडियानापोलिस १९७० मध्ये आपापल्या काउंटीत विलीन झाले. सेंट लुइसला ते जमलं नाही. २०१९ मध्ये एक योजना आली होती, तीही मागे घेतली गेली.

आता कोडवाल्यांनो, इथे लक्ष द्या. २०२० मध्ये शहरात २६३ खून झाले. भागिले तीन लाख, म्हणजे दर लाखामागे सुमारे ८७. पण काउंटीतून रोज कामाला, मॅच बघायला शहरात येणारा माणस इथे लुटला गेला तर तो अंशात मोजला जातो, छेदात कधीच नाही. माझ्या कोडमध्ये असं दिसलं तर मी रिव्ह्यू पासच करणार नाही. आणि गंमत म्हणजे, ताईच्या युनिव्हर्सिटीचा मुख्य कॅम्पस बहुतांश त्या रेघेच्या बाहेर, काउंटीतच आहे.

पण सगळा दोष छेदावर ढकलून मोकळं होणंही मला पटत नाही. २६३ माणसं ही २६३ माणसंच, आणि ती शहरभर सारखी मरत नाहीत. डेलमार नावाचा रस्ता शहराला आडवा कापतो. उत्तरेला मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्या, दक्षिणेला मुख्यतः गोऱ्या. हे आपोआप झालं नाही. १९१६ मध्ये इथल्या मतदारांनी वस्त्या वंशानुसार वेगळ्या ठेवण्याचा कायदा चक्क बहुमताने पास केला. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने लुइसव्हिलचा असाच कायदा रद्द केला, तेव्हा हेच काम खासगी करारांनी सुरू ठेवलं: घर कृष्णवर्णीयांना विकायचं नाही. शेली कुटुंबाने लाबाडी ॲव्हेन्यूवर तरीही घर घेतलं, शेजाऱ्यांनी केस केली, आणि १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असले करार कोर्टं अमलात आणू शकत नाहीत. तोवर नकाशा पक्का झाला होता. उत्तरेलाच प्रुइट-आयगोच्या ३३ सरकारी इमारती उभ्या राहिल्या आणि १९७२ पासून पाडाव्याही लागल्या.

मग सुरक्षेसाठी लोकांनी काय केलं? रस्ते बंद केले! ड्रेनेजचे मोठे सिमेंटचे पाइप उभे करून, माती भरून, त्यात फुलझाडं लावून चौक अडवले. १९८० च्या दशकात हे जोरात चाललं. चोराला गाडी पळवायला वाट नको म्हणून. ॲम्ब्युलन्सलाही वळसा पडतो, ते वेगळं.

आणि पोलीस? १८६१ मध्ये, यादवी युद्धाच्या तोंडावर, दक्षिणेकडे झुकलेल्या राज्य सरकारने शहराचे पोलीस स्वतःच्या ताब्यात घेतले. ते शहराला परत मिळाले थेट २०१३ मध्ये. २०२३ मध्ये खून १५८ वर आले, २०२४ मध्ये १५० वर. आणि मार्च २०२५ मध्ये मिसूरी राज्याने ते पोलीस पुन्हा आपल्याकडे घेण्याचा कायदा केला.