कान्हदास सोनारापासून आजच्या चित्रकारांपर्यंत





विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपण नेहमी धम्म, शिक्षण, संघटना यांवर वाचतो. ते वाचलेच पाहिजे. परंतु आपल्या समाजातून पुढे आलेल्या लेखकांची व कवींची नावे जशी आपल्या तोंडावर आहेत, तशी आपल्या चित्रकारांची, शिल्पकारांची नाहीत. दया पवार, नामदेव ढसाळ हे कोण, असे आपल्या वस्तीत कुणाला विचारावे लागत नाही. मात्र सवी सावरकर कोण, असे विचारले तर दहातले नऊ जण गप्प बसतील. आपल्याच दुःखाची आणि आपल्याच लढ्याची चित्रे आज जगातल्या मोठमोठ्या प्रदर्शनांत लागत आहेत आणि आपल्याला त्यांचा पत्ता नाही. म्हणून या लेखात या कलावंतांची, त्यांना प्रेरणा देणाऱ्या विषयांची आणि त्यामागच्या इतिहासाची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

लेण्यांवर कोरलेली नावे

चित्र-शिल्प हा मोठ्या लोकांचा, पैसेवाल्यांचा नाद, असा आपल्याकडे एक समज आहे. तो इतिहासाला धरून नाही. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तिथे उत्खननात एका यक्षाची मूर्ती सापडली. गोल पोट, हसरा चेहरा, दोन्ही हात डोक्याकडे नेलेले. दोन हजार वर्षांहून जुनी असलेल्या या मूर्तीवर ब्राह्मी लिपीत कोरले आहे की, ही कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली. तिथे ना राजाचे नाव, ना सेनापतीचे. ज्याच्या हातांनी दगड घडवला, त्याचेच नाव!

पुणे जिल्ह्यातल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातही असेच आहे. तिथल्या शिलालेखांत धेनुकाकट या गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तर विकणाऱ्याचे नाव आहे आणि त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. सामीने चैत्याचा दरवाजा घडवला. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचा, म्हणजे त्यांच्या संघटनांचा उल्लेख येतो. साँचीच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी काम केल्याची नोंद आहे.

याचा अर्थ काय? ज्या काळी धम्म या भूमीत जिवंत होता, त्या काळी सुतार, सोनार, बांबूवाला यांना आपले नाव विहाराच्या दगडावर कोरता येत होते. हात राबवणारा माणूस दान देत होता, घडवत होता आणि ‘हे मी केले’ असे सांगत होता.

पुढे लेणी ओस पडली, झाडीत बुजली. चामडे कमावणारे, दोर वळणारे, सूप-टोपल्या विणणारे, हलगी वाजवणारे यांच्या हाताशिवाय गावगाडा एक दिवसही चालत नव्हता. पण त्या कामाला कला म्हटले गेले नाही आणि त्याखाली नावही राहिले नाही. राहिली ती फक्त जात. 1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठा दिसले आणि 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी ग्रिफिथ्स साहेबांबरोबर तिथल्या चित्रांच्या नकला काढू लागले. बुद्धाचे चित्र पुन्हा जगापुढे आले. परंतु बुद्धाची माणसे अजून गावकुसाबाहेरच होती.

आधी पुतळे आले

आपल्या चळवळीत दृश्यकला आली ती प्रथम पुतळ्याच्या रूपाने. 9 डिसेंबर 1950 रोजी कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे राहिले. भाई माधवराव बागल यांचा त्यात पुढाकार होता. बाबासाहेब तेव्हा हयात होते. पुढे 2 एप्रिल 1967 रोजी संसदेच्या आवारात बाबासाहेबांच्या सुमारे बारा फूट उंचीच्या ब्राँझच्या पुतळ्याचे अनावरण राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. हा पुतळा ब्रह्मेश वाघ या शिल्पकाराचा. 2024 मध्ये तो संसदेच्या आवारातच प्रेरणा स्थळ येथे हलवण्यात आला. एका हातात संविधान, दुसऱ्या हाताचे बोट पुढे! हेच रूप आपल्याला खेडोपाडी दिसते. कोट, टाय, चष्मा आणि पुस्तक. ज्याला अंगभर वस्त्र घालायची बंदी होती, त्या समाजाने आपला बाप ताठ उभा असलेला पाहिला. त्या पुतळ्याने आपल्याला मान वर करायला शिकवले.

बुद्धमूर्तीविषयीही बाबासाहेबांचा स्वतंत्र विचार होता. मिटल्या डोळ्यांचा बुद्ध त्यांना पुरेसा वाटत नव्हता. उघड्या डोळ्यांनी जगाकडे पाहणारा बुद्ध त्यांना हवा होता आणि तसे चित्र त्यांनी स्वतः रेखाटले, असे सांगतात. आपल्या आजच्या कलावंतांना समजून घ्यायचे तर हे उघडे डोळे ध्यानात ठेवावे लागतील.

मडके आणि झाडू

नागपूर ही दीक्षेची भूमी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी तिथे धम्मक्रांती झाली. त्याच नागपुरात 1961 साली सवी सावरकर यांचा जन्म झाला. नागपूर आणि बडोदा येथे त्यांनी कलेचे शिक्षण घेतले. पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात त्यांनी शिकवले. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी 1936 सालच्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणात जगासमोर मांडले. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडके. पावलांचा ठसा पुसला जावा म्हणून झाडू. आपण हे भाषणांतून शंभर वेळा ऐकले आहे. सवींनी ते डोळ्यांपुढे उभे केले. त्यांच्या चित्रांत आणि छापचित्रांत तो माणूस येतो, देवदासी येते, बुद्ध आणि बाबासाहेबही येतात.

ही चित्रे पाहून कुणी म्हणेल, ‘यात सुंदर काय आहे? घरात लावता येईल का असले चित्र?’ प्रश्न रास्त आहे. परंतु आपण बौद्ध आहोत. दुःख आहे, हे मान्य करणे हीच आपल्या धम्माची सुरुवात आहे. दुःखावर पांघरूण घालून धम्म सांगता येत नाही. मग चित्र तरी कसे काढता येईल?

पाण्याची जात

1990 साली जन्मलेल्या पुण्याच्या राज्यश्री गुडी या आपल्या पुढच्या पिढीच्या कलावंत. त्यांची एक कलाकृती 2017 सालची आहे. पाण्याची जात कोणती, असा प्रश्न हेच तिचे नाव. त्यात काचेचे 108 पेले आहेत आणि त्यांत वाळून गेलेले पंचगव्य आहे. 108 हा आकडा का? 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ केले! माणसाच्या स्पर्शाने बाटलेले पाणी म्हणे शेणाने शुद्ध झाले. हा इतिहास राज्यश्रीताईंनी एकही शब्द न लिहिता पेल्यांतून सांगितला.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणही पाण्याशीच जोडले आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला आणि सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. रोहिणी नदीपासून चवदार तळ्यापर्यंत पाण्याचा प्रश्न हा माणुसकीचा प्रश्न राहिलेला आहे. म्हणून आपल्या मुलीने पाण्यावर कलाकृती करावी, यात नवल नाही.

25 डिसेंबर 1927 रोजी महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. राज्यश्रीताईंनी मनुस्मृतीच्या कागदाचा लगदा करून त्यातूनही वस्तू घडवल्या आहेत. अन्न हा त्यांचा आणखी एक विषय. आपल्या आत्मचरित्रांत भुकेचे, शिळ्या भाकरीचे, उष्ट्याचे जे प्रसंग आहेत, त्यांवरून त्यांनी पाककृती लिहिल्या. दुसऱ्या बाजूला, आपल्या कुटुंबातली माणसे एकत्र बसून आनंदाने जेवत आहेत, असे घरगुती फोटोही त्यांनी प्रदर्शनात मांडले. उपासमार दाखवली तशी तृप्तीही दाखवली. आपल्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये बारशाचे, लग्नाचे, पंगतीचे जे फोटो आहेत, तोही इतिहास आहे. ते फोटो टाकू नका.

उतरंड, सफाई खाते आणि कामगार वस्ती

कोल्हापूर जिल्ह्यातले प्रभाकर कांबळे यांनी घरातल्या मडक्यांची उतरंड घेतली. सगळ्यांत मोठे मडके खाली. सगळा भार त्याच्यावर. वरची मडकी त्याच्या जिवावर उभी. जातिव्यवस्था म्हणजे काय, हे आपल्या आजीलाही कळेल अशा भाषेत त्यांनी सांगितले. ‘उतरंड’ ही त्यांची कलाकृती 2022 साली जर्मनीत बर्लिनच्या मोठ्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली. त्याच प्रदर्शनात मूळच्या गोव्याच्या मयुरी चारी यांचेही काम होते. स्त्रीच्या देहाकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो, हा त्यांचा विषय.

त्याच 2022 साली जर्मनीच्याच कासेल शहरात डॉक्युमेंटा या पंधराव्या प्रदर्शनात मुंबईचे अमोल पाटील होते. त्यांचे आजोबा पोवाडे करणारे. वडील मुंबई महापालिकेच्या सफाई खात्यात नोकरीला आणि नाटकेही लिहिणारे. चाळ, धूळ, सफाई कामगाराचे हात, त्याचे गाणे, हे सारे अमोल पाटलांच्या कामात येते. मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनीही कॅमेऱ्याने टिपले. कामगार गटारात उतरतो, कचऱ्यात उभा राहतो, घरी परततो, हे सारे त्यांनी दाखवले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विक्रोळीच्या कामगार वस्तीत वाढलेले विक्रांत भिसे मोर्चे, दलित पँथर, राबणारी माणसे रंगवतात. 1972 ला पँथर उभी राहिली, 1978 ला मराठवाड्यात आपली घरे जळाली आणि 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. हे सगळे ज्यांनी पाहिले, ते आज थकले आहेत. अनेकजण गेले. त्यांचे चेहरे पुढच्या पोरांना कुठे दिसणार? अशा चित्रांतच दिसणार.

महाराष्ट्राबाहेरचे एक उदाहरण मुद्दाम देतो. बिहारमध्ये मिथिला किंवा मधुबनी या नावाने ओळखली जाणारी चित्रकला आहे. तिच्यात बहुतेक राम-सीता, कृष्ण यांच्या कथा असतात. पाटण्याच्या मालविका राज यांनी तीच रेषा, तेच रंग घेऊन भगवान बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे जीवन रंगवले. कला कुणाच्या मालकीची नसते, हे त्यांनी दाखवून दिले.

आपण काय करायचे?

या सगळ्यांचे विषय पाहा. मडके, झाडू, पाणी, भाकरी, चाळ, मोर्चा. हे सगळे आपल्या आई-बापांच्या जगण्यातलेच आहे. ज्या वस्तूंनी आपल्याला हिणवले, त्याच वस्तू या कलावंतांनी साक्षीदार म्हणून उभ्या केल्या आणि कान्हदासाप्रमाणे त्याखाली आपले नाव लिहिले.

पण आपण घरी काय करतो? पोरगं वहीच्या मागच्या पानावर चित्र काढतं म्हणून त्याच्या पाठीत धपाटा घालतो. ‘चित्रं काढून पोट भरतं का?’ असं विचारतो. पोटाची काळजी खोटी नाही. आपण फार उपाशी दिवस पाहिले आहेत. परंतु शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा असतात. त्यांना मुलाला बसू द्यायला काय हरकत आहे? डॉक्टर, इंजिनीयर, वकील पाहिजेत, तसे आपला इतिहास रंगवणारेही पाहिजेत. आपण काढला नाही तर तो दुसरे काढतील आणि त्यांना दिसेल तसा काढतील.

विहार कमिटीलाही विनंती आहे. बुद्ध जयंतीला, 14 एप्रिलला मुलांची चित्रकला स्पर्धा होते. तिथे ‘बाबासाहेबांचे चित्र काढा’ इतकाच विषय न देता ‘माझ्या आजीचे काम’, ‘आमच्या वस्तीतले पाणी’ असेही विषय द्यावेत. मुले आजीला विचारतील, आजी सांगेल, आणि आपल्या वस्तीचा इतिहास आपोआप कागदावर येईल.

आणखी एक. आपल्या विहारांच्या भिंतींवर चित्रे असतात, जयंतीला कमानी रंगवल्या जातात, मिरवणुकीसाठी देखावे उभे राहतात. देणगीदारांची नावे आपण संगमरवरावर कोरतो, ते योग्यच आहे. पण रंगवणाऱ्या पेंटरचे नाव कुठेच नसते. कार्ल्याच्या चैत्यात अत्तरवाल्या दात्याचे नाव आहे आणि दरवाजा घडवणाऱ्या सुताराचेही आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजांना जे सुचले, ते आपल्याला का सुचू नये? येत्या जयंतीपासून भिंतीच्या कोपऱ्यात, लहान अक्षरांत का होईना, रंगवणाऱ्याचे नाव लिहूया.

भवतु सब्ब मंगलम्!
नमो बुद्धाय! जय भीम!