शेजाऱ्यांचं मांजर रोज तुमच्या घरात शिरतंय? फिनाईल शिंपडण्याआधी हे वाचा

ओट्यावर लवंडलेलं दुधाचं पातेलं, सोफ्यावर केस, बाल्कनीतल्या कुंडीत घाण आणि तीनदा लादी पुसूनही न जाणारा वास. मांजर शेजाऱ्यांचं, पण निस्तरायचं तुम्ही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय निघाला की दोन तट पडतात आणि तिसरं कुणीतरी हमखास सल्ला देतं, 'डांबर गोळ्या टाका, नाहीतर फिनाईल शिंपडा.' सगळ्यांत सोपा वाटणारा हा उपायच सगळ्यांत धोकादायक आहे.

तुमचंच घर का?

मांजराच्या लेखी तुमचा फ्लॅट आणि शेजाऱ्यांचा फ्लॅट असा भेद नसतो. जिथवर त्याची रोजची फेरी आहे, तो सगळा त्याचा इलाका. २०१३ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटासाठी इंग्लंडमधल्या शॅमली ग्रीन गावातल्या ५० पाळीव मांजरांना जीपीएसचे पट्टे बांधले होते, काहींना छोटे कॅमेरेही. त्यात काही मांजरं बिनधास्त दुसऱ्यांच्या घरात जाऊन तिथलं खाणं खाताना दिसली. थोडक्यात, तुमच्याकडे येणारा बोका काही जगावेगळा नाही.

तो येतो तो मुख्यतः खाण्यासाठी. झाकण नसलेला कचऱ्याचा डबा, ओट्यावर ठेवलेली मासळी, किंवा घरातल्या आजींनी 'बिचारं' म्हणून एकदा ओतलेलं वाटीभर दूध. (मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, त्यांना जुलाब होतात. त्यामुळे कुंडीतल्या घाणीचं मूळ कधीकधी त्या वाटीतच असतं.) खाणं नसेल, तर निवांत झोपायची जागा किंवा खालच्या भांडखोर बोक्यापासून लपायला आडोसा.

आधी वाट बंद करा

मांजर पहाटे आणि संध्याकाळी जास्त हिंडतं. नेमकं त्याच वेळी आपण हवेसाठी खिडक्या उघडतो. खिडकीच्या ग्रिलमधून ते सहज आत येतं, कारण जिथून डोकं जातं तिथून बहुतेक मांजरं अंगही काढून घेतात. स्वयंपाकघराच्या खिडकीला धातूची जाळी, बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती जाळी आणि बाहेरच्या दाराला जाळीचं दार, एवढ्यानं बरंचसं काम होतं. कापडी मच्छरजाळीवर भरवसा ठेवू नका, नखांपुढे ती टिकत नाही.

वासाचं मात्र लगेच बघायला हवं. मांजर जिथे एकदा मुततं तिथे त्या वासावर पुन्हा येतं. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास त्याला लघवीसारखाच वाटू शकतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा. संत्र्याच्या साली मांजरांना आवडत नाहीत हे खरं, पण वास उडाला की असर संपला. आणि दारात ठेवलेल्या लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या? त्यांनी कुत्रीही पळत नाहीत, मांजरं तर शेजारी बसून अंग चाटतात.

फिनाईल आणि डांबर गोळ्या का नकोत?

फिनॉलसारखी रसायनं शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृताला जी प्रक्रिया लागते, ती मांजरांमध्ये फारच कमजोर असते. फिनाईलवरून चाललेलं मांजर पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. डांबर गोळ्यांमधलं नॅफ्थलीन रक्तपेशी आणि यकृताचं नुकसान करतं. रांगणारं बाळ घरात असेल तर त्या गोळ्या बाळालाही तितक्याच घातक.

इथे कायदाही येतो. प्राण्यांवरील क्रूरतेविरोधातल्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे, म्हणून लोक त्याला हसण्यावारी नेतात. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला जाणूनबुजून मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोत्यात भरून लांबच्या मंडईत सोडून येणं हाही मार्ग नाही. उपाशी मरेल अशा जागी प्राण्याला टाकून देणं १९६० च्या कायद्यातच गुन्हा आहे.

शेजाऱ्यांशी बोलायचं कसं?

आधी मांजर खरंच कुणाचं आहे का ते बघा. ते माणसाळलेलं असेल तर गळ्यात कागदाची सैलसर पट्टी अडकवा, सहज फाटेल अशी. त्यावर लिहा, 'हे तुमचं मांजर आहे का? फ्लॅट नंबर अमुक.' दोरा किंवा रबर नको, गळफास बसतो.

मालक सापडले की ग्रुपवर फोटो टाकून जाब विचारण्यापेक्षा दार वाजवा. 'काकू, तुमचा बोका रोज सकाळी आमच्या ओट्यावर चढतो. बाळ रांगायला लागलंय, म्हणून काळजी वाटते. आठ वाजेपर्यंत तुमची खिडकी लावून ठेवाल का?' असं नेमकं मागणं असेल तर 'हो' म्हणणं सोपं जातं. नसबंदी झाली आहे का, हेही विचारा. खच्चीकरणानंतर बहुतेक बोक्यांचं भिंतींवर फवारे मारणं थांबतं आणि भटकणं कमी होतं. रेबीजची लस दिली आहे का, हा प्रश्न तर हक्काचा आहे.

सोसायटीनं मांजर पाळण्यावरच बंदी घालावी अशी मागणी मात्र टिकणार नाही. बहुमताच्या ठरावानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे. मांजर कुणाचंच नसेल तर महापालिकेकडे किंवा प्राणीमित्र संस्थेकडे नसबंदीसाठी विचारा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत मांजरंही येतात.

मांजरी तुमच्या माळ्यावरच व्याली तर?

थोडा धीर धरा. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं असं म्हणतात. सात मोजायची गरज नाही, पण ती जागा बदलते हे खरं. साधारण चार आठवड्यांची पिल्लं खायला शिकू लागतात. त्याआधी त्यांना आईपासून तोडलं तर ती जगणं कठीण.

चावलं किंवा ओरबाडलं तर

हळद, चुना काही लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मांजरापासूनही रेबीज होतो आणि लक्षणं दिसल्यावर त्यातून वाचणं जवळपास अशक्य असतं. सरकारी रुग्णालयांत लस मिळते. पोटातली १४ इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली आहेत, हल्ली ती दंडावर देतात आणि डोसही कमी असतात. घरात कुणी गरोदर असेल तर मांजराची विष्ठा तिने साफ करू नये, टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा धोका असतो. दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून ती रोजच्या रोज काढावी, कारण हा परजीवी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो.