एक्सबॉक्सच्या घरातलं कूळ

मराठीत ‘कूळ’ म्हणजे वंश, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाराही. ‘कोडी’ची गोष्ट सांगायला मला हे दोन्ही अर्थ लागतात. घरात साठवलेली गाणी, फोटो आणि सिनेमे टीव्हीवर लावायला आज जगभर वापरलं जाणारं हे मोफत सॉफ्टवेअर एका गेमिंग कन्सोलमध्ये जन्मलं. तो कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने मात्र त्याला तिथे राहायला कधीच सांगितलं नव्हतं.

तो कन्सोल म्हणजे मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स. १५ नोव्हेंबर २००१ रोजी तो अमेरिकेत विक्रीला आला. काळं, जड खोकं. पण आत पाहिलं तर चक्क संगणक. इंटेलचा ७३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, ८ जीबीची हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह आणि मागच्या बाजूला नेटवर्कची केबल लावायची जागा. त्या काळात लोकांची गाणी आणि फोटो आतल्या खोलीतल्या संगणकावर असत आणि टीव्ही बाहेरच्या खोलीत. हे खोकं मात्र टीव्हीलाच जोडलेलं होतं. एवढी तयारी असूनही मालकाला त्याचा उपयोग मोजकाच. ऑडिओ सीडीवरची गाणी डिस्कवर उतरवून घेता येत आणि काही खेळांच्या पार्श्वभूमीला ती वाजवता येत. डीव्हीडीवरचा सिनेमा पाहायला जवळपास ३० डॉलरचा रिमोटचा संच वेगळा घ्यावा लागे. स्वतःच्या संगणकावरचे व्हिडिओ त्यावर लावायची सोयच नव्हती.

अडचण होती कुलुपाची. मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असलेलाच प्रोग्रॅम एक्सबॉक्स चालवत असे. सुरू होताना तो आधी एका चिपच्या पोटात लपवलेला जेमतेम ५१२ बाइटचा कोड वाचे, आणि कुलपाची किल्ली त्यातच होती. एमआयटीत शिकणाऱ्या अँड्र्यू ‘बनी’ हुआंगने आतल्या दोन चिपमधल्या तारांवर स्वतः बनवलेली पट्टी बसवली, धावता डेटा टिपला आणि २००२च्या मे महिन्यात ही रीत प्रसिद्ध केली. मग कुलूप चुकवणाऱ्या मॉडचिप आल्या. त्या खोकं उघडून डाखून बसवायच्या. पुढे खोकं उघडायचीही गरज उरली नाही. ‘मेकअसॉल्ट’सारख्या काही खेळांत सेव्ह फाइल वाचणाऱ्या कोडमध्येच चूक होती. मुद्दाम बनवलेली सेव्ह फाइल उघडली, की खेळ अडखळे आणि सहीची अट ओलांडून दुसराच प्रोग्रॅम सुरू होई. याच वाटेने चोरीचे खेळही आत आले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मला या गोष्टीत ओढतात ती आपलीच गाणी आपल्याच टीव्हीवर ऐकायला धडपडलेली माणसं.

२००२मध्ये त्यांनी ‘एक्सबॉक्स मीडिया प्लेअर’ लिहायला घेतला. ‘फ्रोडो’ या टोपणनावाने लिहिणारा एक डच प्रोग्रॅमर तेव्हा स्वतःचा वेगळा प्लेअर करत होता; तो यात सामील झाला आणि दोन प्रवाह एक झाले. या प्लेअरचं आजोळ हंगेरीत. व्हिडिओ उलगडून दाखवायचं मूळ काम करत होता एमप्लेअर, आणि त्याची सुरुवात २०००मध्ये हंगेरीच्या आर्पाद गेरेऑफीने केली होती. कोड सर्वांना खुला होता, म्हणून तर तो परक्या खोक्यात नेऊन बसवता आला.

जागा अपुरी होती. ६४ एमबीत चित्र, आवाज आणि मेनू सगळं बसवायचं. एक्सबॉक्सच्या डिस्कवर फाइलचं नाव ४२ अक्षरांपेक्षा मोठं चालत नसे, त्यामुळे लांब नावं छाटावी लागत. शिवाय ८ जीबीत सिनेमे मावणार किती? इथेच मागची ती केबल कामाला आली. फाइल आतल्या खोलीतल्या संगणकावरच राहू द्यायच्या आणि एक्सबॉक्सने त्या घरच्या नेटवर्कवरून वाचून टीव्हीवर दाखवायच्या. मला या साऱ्या कथेतली सर्वांत मोलाची कल्पना हीच वाटते. साठवण एकीकडे, पडदा दुसरीकडे ही आजच्या घरांतली नित्याची मांडणी त्या अपुऱ्या जागेत आकाराला येत होती. मायक्रोसॉफ्टने सिनेमांसाठी विकलेला रिमोटही या प्लेअरला चाले.

२९ जून २००४ रोजी या प्लेअरच्या पुढच्या अवताराची, ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’ची, १.० आवृत्ती आली. लोक त्याला एक्सबीएमसी म्हणू लागले. पण हे बांधायला मायक्रोसॉफ्टचीच साधनं लागत, आणि ती फक्त परवानाधारक खेळ-कंपन्यांना मिळत. त्यामुळे तयार प्रोग्रॅम वाटणं कायद्यात बसत नव्हतं. विकसकांनी फक्त कोड प्रसिद्ध केला. तयार प्रती लोकांनी इकडून तिकडून मिळवल्या. जमीन कसायची, पीक काढायचं, पण सातबाऱ्यावर नाव नाही, अशी ती स्थिती होती.

शेवटी घर सोडावं लागलं ते यंत्र म्हातारं झालं म्हणून. एचडी व्हिडिओ त्या प्रोसेसरला पेलेनात. २००७मध्ये लिनक्सवर नेण्याचं काम सुरू झालं आणि २००८च्या ‘अटलांटिस’ आवृत्तीपासून विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे एक्सबीएमसी चालू लागलं. त्याच सुमारास मॅकच्या फांदीतून प्लेक्स हे सॉफ्टवेअर वेगळं झालं. २०१०मध्ये मूळ एक्सबॉक्ससाठीचं अधिकृत काम थांबलं. नावातला ‘एक्सबी’ मात्र राहिला, सोडलेल्या गावाचं आडनाव लावावं तसा. २०१३च्या आवृत्तीला ‘फ्रोडो’ हे नाव मिळालं. १ ऑगस्ट २०१४ रोजी नवं नाव जाहीर झालं: कोडी. एक्सबॉक्सवर आता चालत नाही आणि नावावर आपला हक्क नाही, ही त्यामागची कारणं.

डिसेंबर २०१७मध्ये कोडी नंतरच्या पिढीच्या एक्सबॉक्स वनवर आलं, तेही मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दुकानातून. चिप डाखायची नाही, सेव्ह फाइल फसवायची नाही. नोंदणीकृत भाडेकरू म्हणून रीतसर प्रवेश. त्या पहिल्या आवृत्तीला फक्त व्हिडिओ आणि संगीताचे फोल्डर उघडता येत होते. डिस्क ड्राइव्ह आणि बाहेरून जोडलेल्या डिस्कचं दार बंदच होतं.