शेजारधर्म : डेन्मार्क, ऑक्टोबर १९४३ #थ्रेड

१/ ३ ऑक्टोबर १९४३, रविवार. जर्मन फौजांच्या ताब्यातील डेन्मार्कमध्ये चर्चच्या व्यासपीठांवरून त्या दिवशी एकच पत्र वाचले गेले. कोपनहेगनचे ल्यूथरन बिशप हान्स फुग्लसांग-डॅमगार्ड यांच्या पुढाकाराने देशातील बिशपांनी ते काढले होते. विषय होता ज्यू शेजाऱ्यांचा छळ.

२/ १५३६ पासून ल्यूथरन पंथ हा डेन्मार्कचा राजमान्य धर्म. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने देश व्यापला, तरी डॅनिश सरकार काही काळ टिकून होते. ऑगस्ट १९४३ अखेर त्याने राजीनामा दिला आणि ज्यूंवरचे उरलेसुरले छत्र गेले.

३/ धरपकडीचा बेत फुटला तो एका जर्मनामुळेच. वकिलातीतील अधिकारी गेऑर्ग डकविट्झ यांनी डॅनिश नेत्यांना सावध केले. २९ सप्टेंबरला रब्बी मार्कस मेल्खिओर यांनी सिनेगॉगमध्ये जमलेल्यांना लपून राहण्यास सांगितले. १ ऑक्टोबरच्या रात्री छापे पडले, तेव्हा बहुतेक घरे रिकामी होती.

४/ बिशपांच्या पत्रातील युक्तिवाद साधा होता. येशूचा जन्म ज्यू समाजातला. छळ शेजाऱ्यावरील प्रेमाच्या शिकवणीविरुद्ध. आणि डॅनिश न्यायबुद्धीलाही तो अमान्य. प्रसंग आलाच, तर माणसांपेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ मानू, असे त्यात स्पष्ट बजावले होते.

५/ या पत्राला एक कटू पार्श्वभूमी आहे. बरोबर ४०० वर्षांपूर्वी, १५४३ मध्ये, खुद्द मार्टिन ल्यूथरने ज्यूंविरुद्ध अत्यंत विखारी पुस्तक लिहिले होते. जर्मनीत नाझींनी त्याचा पुरेपूर वापर केला. एकाच परंपरेतून द्वेषही उचलता येतो आणि शेजारधर्मही. डॅनिश बिशपांनी दुसरा उचलला.

६/ पत्रावर गोष्ट थांबली नाही. धर्मोपदेशक, डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, कोळी अशा अनेकांनी माणसे लपवली. कोपनहेगनच्या ट्रिनिटाटिस चर्चने सिनेगॉगमधील तोराहच्या गुंडाळ्या जपून ठेवल्या. स्वीडनने आश्रयाची जाहीर तयारी दाखवली आणि ओरेसुंडच्या सामुद्रधुनीतून मचवे रात्री निघू लागले.

७/ प्रत्येक रात्र सुखरूप गेली नाही. गिलेलाये या कोळीगावात सुमारे ८० जण चर्चच्या माळ्यावर बोटीची वाट पाहत लपले होते. ६ ऑक्टोबरच्या रात्री गेस्टापोने चर्चला वेढा घातला आणि जवळजवळ सगळे पकडले गेले.

८/ सारेच निःस्वार्थ होते असेही नाही. काही कोळ्यांनी या फेऱ्यांसाठी भरमसाट पैसे घेतले. मात्र ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्यासाठी वर्गणी गोळा झाली आणि तेही पलीकडे पोचले.

९/ काही आठवड्यांत ७,००० हून अधिक माणसे स्वीडनला पोचली. सुमारे ४७० जणांना टेरेझिनश्टाटच्या छावणीत नेण्यात आले. डॅनिश अधिकारी आणि संस्थांनी त्यांची चौकशी सोडली नाही, अन्नाची पार्सले धाडली. त्यांतील बहुतेक जण जिवंत परतले. सुमारे ५० जण तेथेच दगावले.

१०/ ४ जानेवारी १९४४ रोजी नाझींविरुद्ध निर्भयपणे बोलणारे धर्मोपदेशक व नाटककार काय मुंक यांना गेस्टापोने ठार केले. व्यासपीठावरून बोललेल्या शब्दाची किंमत काय असते, हे त्या देशाला पुरते ठाऊक होते. तरीही तो शब्द बोलला गेला आणि रात्री दार ठोठावणाऱ्यासाठी अनेक घरांची कडी आतून निघाली. आशेचा आधार तेवढाच होता आणि हजारोंना तो पुरला.